एक पोर्ट्रेट, तीन तऱ्हेचे थर आणि व्हार्निशचा निर्णय: एक प्रकरण अभ्यास

प्रकरण असं आहे. एका चित्रकार मैत्रिणीचं २४ बाय ३० इंची कॅनव्हासवरचं ऑइल पोर्ट्रेट, पूर्ण होऊन सात महिने झालेलं. खिडकीशी बसलेली म्हातारी बाई, मागे अंधारी खोली, अंगावर गडद लाल शाल, आणि खिडकीतून येणारा उजेड पॅलेट नाइफने जाडजूड पांढऱ्या रंगात लावलेला. चित्र ज्यांचं होतं ते दोन आठवड्यांनी न्यायला येणार होते. मैत्रिणीचं म्हणणं एवढंच, "मागचा अंधार पार मेलाय बघ, राखाडी दिसतोय, आणि शाल मात्र चकचकतेय. एक ग्लॉस व्हार्निश मारू आणि सगळं सारखं करून टाकू." डॅमर व्हार्निशची बाटली तिने आणूनही ठेवली होती, ब्रशसुद्धा नवा कोरा.

मी म्हटलं, अगं थांब, आधी चित्र नीट बघू दे. कारण ही तक्रार खूप जणांची असते, की चित्र वाळलं आणि फिकं पडलं आता व्हार्निश हवं, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. रंग का मेला हा एक प्रश्न आणि चित्राला आत्ता व्हार्निश चालेल का हा दुसरा, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

रंग मेल्यासारखा का दिसतो ते आधी. ऑइल पेंटमधलं तेल हाच त्याचा बाइंडर, म्हणजे रंगद्रव्याचे कण धरून ठेवणारा. खालचा ग्राउंड, म्हणजे कॅनव्हासवरचा पहिला लेप, जास्त शोषणारा असला किंवा रंगात टर्पेंटाइन भरपूर घालून पातळ केलेलं असलं तर वरच्या थरातलं तेल खाली ओढलं जातं किंवा मुळातच कमी पडतं, पृष्ठभागावर रंगद्रव्याचे कण उघडे पडतात, आणि अशा खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. तो विखुरलेला पांढरट उजेड गडद रंगावर मिसळला की काळा राखाडी दिसायला लागतो. रंग काही उडालेला नसतो, फक्त दिसत नाही. अंबर, म्हणजे मातीचे तपकिरी रंग, आणि काळे रंग यात सगळ्यात आधी सापडतात, आणि हिची मागची भिंत म्हणजे बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅकच होती, तेही पहिल्या बैठकीत खूप पातळ करून घासलेलं आणि नंतर वर फारसं काही न चढवलेलं. व्हार्निशने हे दिसायला सुधारतं हे खरंच आहे, पण इतक्या तहानलेल्या जागी व्हार्निशही आतच शिरतं. तिथे वरून सोलून काढता येईल असा वेगळा थर बनतच नाही, ते रंगात मुरून बसतं.

आणि व्हार्निशच्या बाबतीत माझं मत अगदी ठाम आहे, ते काढता आलंच पाहिजे. लावायच्या आधी डोक्यात पहिला प्रश्न हा यायला हवा की हे पन्नास वर्षांनी कोणी काढायला बसलं तर कशाने काढेल आणि तेव्हा खालचा रंग शाबूत राहील का. धूळ, धूर, हात लागणं हे सगळं व्हार्निश स्वतःवर घेतं आणि कधीतरी ते उतरवून नवीन लावतात, त्याचं कामच ते आहे. रेम्ब्रांटचं १६४२ चं 'नाइट वॉच' घ्या, त्यातला प्रसंग रात्रीचा नाहीच, काळवंडलेल्या व्हार्निशने आणि मळाने ते इतकं अंधारलं होतं की लोकांनी त्याला रात्रीचं नाव दिलं, आणि १९४६-४७ च्या सफाईत जुनं व्हार्निश उतरल्यावर आतला उजेड दिसला. ते उतरवता आलं म्हणून दिसला.

तर आता तपासणी. चित्र टेबलावर आडवं ठेवलं, खोलीतले बाकीचे दिवे बंद केले आणि एक टेबल लॅम्प कडेने अगदी खाली धरला, म्हणजे उजेड पृष्ठभागाला घासत जातो. हे कोणीही घरी करावं, पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत चित्राचा सगळा इतिहास समोर येतो. भिंतीचा भाग खडूसारखा कोरडा दिसला, कॅनव्हासची वीणही कळत होती. चेहरा मध्यम, सॅटिन म्हणावा असा. शाल काचेसारखी गुळगुळीत. आणि खिडकीच्या पांढऱ्या रंगाचे नाइफचे फटकारे चार-पाच मिलिमीटर वर आलेले, त्यांच्या कडांवर बारीक सुरकुत्या.

मग तिला विचारलं की कुठे काय वापरलं होतंस. हा भाग लोक टाळतात, चित्रकार स्वतःसुद्धा, कारण लिहून ठेवलेलं नसतं. तिच्या नशिबाने वहीत टिपण होतं. भिंत, फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेली. पांढरा, टायटॅनियम व्हाइट, आणि ट्यूबवर बारीक अक्षरात बाइंडर सॅफ्लॉवर ऑइल म्हणजे करडईचं तेल लिहिलेलं. ते पिवळं कमी पडतं म्हणून पांढऱ्यात घालतात पण जवसाच्या तेलापेक्षा बरंच हळू वाळतं. आणि शाल, अलिझारिन क्रिमसनचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, एकावर एक, आणि रंगात मिसळलेलं मीडियम कोणतं तर स्टँड ऑइल (उष्णतेने घट्ट केलेलं जवसाचं तेल), टर्पेंटाइन आणि डॅमर. इथे माझे कान टवकारले.

डॅमर ही झाडाची राळ, आग्नेय आशियातल्या जंगलातली, आणि चित्रांवरचं व्हार्निश म्हणून ती १९ व्या शतकापासून वापरात आहे. टर्पेंटाइनमध्ये ती विरघळते, वाळल्यावरही विरघळते, म्हणूनच तर व्हार्निश म्हणून चालते. पण तीच राळ रंगाच्या आत मीडियम म्हणून घातली की तो रंगाचा थरही टर्पेंटाइनला कायमचा थोडा कच्चा राहतो. म्हणजे शालीवर डॅमर व्हार्निश लावायचं तर त्यातलंच टर्पेंटाइन खालच्या ग्लेझला ओलं करणार. शिवाय पुढे कधी ते पिवळं पडलं, आणि डॅमर काही दशकांत पिवळं पडतंच, तर ते काढायला जो सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, लागेल तो साध्यापेक्षा कडक लागेल, कारण जुनी होताना ही राळ ऑक्सिडाइज होते आणि सौम्य सॉल्व्हंटला दाद देत नाही. कडक सॉल्व्हंट आणि खाली राळमिश्रित ग्लेझ. पुसणाऱ्या कापसाच्या बोळ्यावर व्हार्निशबरोबर शालही येणार.

एवढं कळल्यावर दोन टेस्ट केल्या. पहिली नखाची. सगळ्यात जाड पांढऱ्या फटकाऱ्यावर, डोळ्यात न येणाऱ्या जागी, नख हलकेच टेकवून दाबलं. खूण उठली. वर कडक, आत मऊ. ऑइल पेंट पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन तेल जोडलं जातं, आणि ते वरून सुरू होतं, दुधावर साय धरते तसं, म्हणून हाताला कोरडं लागणं आणि आतून वाळणं यात जाड थराच्या बाबतीत कित्येक महिन्यांचं अंतर असतं. "सहा महिने ते वर्ष थांबा" हा जुना नियम याच्यावरूनच आलाय, पण तो सरासरीचा नियम आहे. ह्याच चित्रात अंबरची भिंत काही दिवसांत वाळलेली होती, अंबरमध्ये मँगनीज असतं ते तेल लवकर वाळवतं, आणि पांढरा सात महिन्यांनीही तयार नव्हता. कॅलेंडर बघून ठरवायचं की नख लावून, तर नख लावून.

दुसरी टेस्ट कापसाच्या बोळ्याची. काडीवर कापूस गुंडाळायचा, सॉल्व्हंटमध्ये बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा, आणि फ्रेमच्या खाचेत झाकली जाणारी कडेची जागा निवडून अगदी हलक्या हाताने फिरवायचा. ओडरलेस मिनरल स्पिरिटने, म्हणजे वास काढलेल्या सौम्य पेट्रोलियम सॉल्व्हंटने, भिंतीवर काही आलं नाही. पांढऱ्यावर काही नाही. शाल खालच्या कडेपर्यंत आलेली होती त्यामुळे तिथेही जागा मिळाली, आणि कापूस किंचित गुलाबी झाला. टर्पेंटाइनचा वेगळा बोळा शालीच्याच कडेला लावला तर दोन फिरवण्यात स्पष्ट लाल. मैत्रीण तो बोळा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. डॅमरची बाटली तिनेच उचलून कपाटात ठेवली.

म्हणजे निर्णय काय, तर आत्ता व्हार्निश नाही. आणि तरी चित्र दोन आठवड्यांत द्यायचंय आणि भिंत मेलेली आहे.

पर्याय तिने आणि मी बसून चर्चा करून तपासले. रिटच व्हार्निश, म्हणजे पातळ तात्पुरतं व्हार्निश, हा पहिला सल्ला सगळे देतात, पण बरेचदा तेही डॅमरचंच आणि टर्पेंटाइनसारख्या सॉल्व्हंटमधलं असतं, शालीला नको. काहीजण शेवटी लिक्विनसारखं अल्किड (कृत्रिम राळेचं) मीडियम वरून पुसतात, चमक लगेच येते म्हणून. ते अजिबात करू नये, बनवणारी कंपनीच सांगते की हे व्हार्निश म्हणून वापरू नका, कारण वाळल्यावर ते काढताच येत नाही, ते चित्राचाच थर होऊन बसतं. व्हार्निश न करताच ठेवायचं हाही खराखुरा पर्याय आहे बरं का, इंप्रेशनिस्टांपैकी कितीतरी जणांना तो चकचकाट नकोच होता, पिसारोने तर एका निसर्गचित्राच्या मागे कृपया व्हार्निश करू नका असं लिहून ठेवलंय. पण हे चित्र अंधारावर उभं होतं, भिंत खोल दिसली नाही तर खिडकीचा उजेड फुकट जातो.

शेवटी आम्ही ऑइलिंग आउट केलं, आणि फक्त भिंतीवर. यात तेल परत देतात. जवसाचं तेल आणि ओडरलेस मिनरल स्पिरिट निम्मं-निम्मं, धागे न सोडणाऱ्या सुती कापडाला थोडंसं लावून पातळ घासायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, रंग पिईल तेवढं पिऊ द्यायचं आणि मग कोरड्या कापडाने उरलेलं सगळं पुसून काढायचं. सगळं म्हणजे सगळं, वर चिकटपणा राहिला तर तिथे धूळ बसते आणि पुढे तो भाग पिवळा पडतो. ठिपक्याठिपक्याने न करता पूर्ण भिंत एका आकारापर्यंत केली, खांद्याच्या कडेपासून कॅनव्हासच्या कडेपर्यंत, नाहीतर डाग दिसतात. हे तेल आता चित्राचा भाग झालं, ते कधीच निघणार नाही, म्हणून हात अगदी आखडता ठेवावा लागतो, आणि हौसेने दर महिन्याला करायची ही गोष्ट नव्हे. पण परिणाम बघण्यासारखा होता, कापड फिरेल तसतसा भिंतीतला तपकिरी वर येत गेला, बाईच्या मागे एक कपाट रंगवलेलं होतं ते मी तोवर बघितलंच नव्हतं, त्याची कड दिसायला लागली.

वापरलेलं कापड. इथे जरा थांबून लिहिते कारण याने खरंच आगी लागतात. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, आणि तेलाचं कापड चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं की ती उष्णता आत कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं, काडी न लावता, काही तासांनी, तुम्ही झोपल्यावर. म्हणून कापड पाण्यात पूर्ण भिजवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवायचं, नाहीतर मोकळ्या हवेत एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवायचं. दुसरा मार्ग नाही.

चित्र घेणाऱ्यांना मैत्रिणीने सरळ सांगितलं की हे अजून वाळतंय, आत्ता असंच न्या, काच नको, वर्तमानपत्र किंवा बबल रॅप चेहऱ्याला लागू देऊ नका, आणि पाच-सहा महिन्यांनी परत आणा मी व्हार्निश करून देते. लोक ऐकतात. नीट कारण सांगितलं तर उलट त्यांना बरं वाटतं की चित्राची काळजी घेणारं कोणीतरी आहे. घाईत व्हार्निश केलं असतं तर काय झालं असतं ते त्यांनाही समजलं: वर कडक थर, खाली हलत राहणारा मऊ रंग, आणि मग तडे, किंवा व्हार्निश रंगात असं मिसळणं की दोन्ही वेगळे करता येणार नाहीत.

चित्र परत आलं तेव्हा ते १३ महिन्यांचं झालं होतं. तीच तपासणी पुन्हा. पांढऱ्यावर नख उमटलं नाही. ओडरलेस मिनरल स्पिरिटचा बोळा शालीवरून कोरा आला. टर्पेंटाइनचा अजूनही गुलाबी होत होता, तो तसाच राहणार.

मग व्हार्निश निवडायला आता फार डोकं चालवायचं उरलंच नाही, शालीनेच निवडून दिलं. जे लावताना आणि काढताना दोन्ही वेळा फक्त सौम्य, ॲरोमॅटिक (म्हणजे जास्त कडक विरघळवणारे घटक) नसलेल्या सॉल्व्हंटवर भागेल तेच चालणार होतं. डॅमर बाद. मस्टिक, ही दुसरी झाडाची राळ, त्याच कारणाने बाद. पॅरॉलॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ संवर्धनवाल्यांची लाडकी, पिवळी न पडण्यात तिला तोड नाही, पण तिला टोल्युइन किंवा झायलिनसारखा सॉल्व्हंट लागतो, तो शालीलाही नको आणि आपल्या फुप्फुसांनाही नको. मिनरल स्पिरिटमधली ॲक्रिलिक व्हार्निशं मिळतात तीही चांगली असतात, पण त्यातल्या काहींना ओडरलेस स्पिरिट पुरत नाही, ॲरोमॅटिक असलेलं साधं स्पिरिट लागतं, त्यामुळे तीही बाजूला ठेवली. राहिली हायड्रोजनेटेड हायड्रोकार्बन राळ, रीगलरेझ १०९४ ह्या नावाची. ती चित्रांसाठी वापरात आली ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधल्या रने द ला री यांच्या संशोधनातून, आणि बाजारातलं गॅमव्हार नावाचं व्हार्निश हे त्याच वाटेने आलेलं. ही राळ पाण्यासारखी रंगहीन, वयानुसार फारशी बदलत नाही, आणि अगदी सौम्य सॉल्व्हंटने निघते. रेणू छोटे असल्यामुळे खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांमध्ये ती छान सपाट बसते, म्हणून गडद रंग खोल दिसतात, जवळजवळ जुन्या नैसर्गिक राळेसारखे.

एक गैरसमज इथेच काढते. मैत्रिणीने विचारलं, यात यूव्हीचं काहीतरी असतं ना, मग अलिझारिन उडणार नाही ना? व्हार्निशमध्ये घातलेलं स्टॅबिलायझर मुख्यतः व्हार्निशला स्वतःला टिकवण्यासाठी असतं. खरं अलिझारिन क्रिमसन, ट्यूबवर पीआर ८३ लिहिलेलं, उन्हाने फिकं होतं आणि त्याच्यावर कुठलंही व्हार्निश भरवशाचं नाही. चित्र थेट उन्हापासून लांब लावायचं, आणि पुढच्या वेळी क्विनॅक्रिडोनचा लाल घ्यायचा.

ग्लॉस की सॅटिन यावर आमचं थोडं वाजलं. तिला ग्लॉस हवं होतं, अंधार जास्तीत जास्त खोल म्हणून. पण मोठा गडद भाग आणि वर ग्लॉस म्हणजे समोरच्या खिडकीचा आरसाच, आणि हे चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लागणार होतं. मॅट तर नकोच, मॅटमध्ये मेण किंवा बारीक सिलिका घातलेली असते, ती प्रकाश विखुरते, म्हणजे ज्या कारणाने भिंत मेली होती तेच आपण पैसे देऊन वरून लावायचं. तिने त्याच रंगांचे पट्टे एका बोर्डावर आधीच करून ठेवले होते, चित्र गेलं त्याच आठवड्यात, ही तिची फार शहाणपणाची गोष्ट. त्यावर ग्लॉस, सॅटिन आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन तुकडे लावले आणि बोर्ड खिडकीसमोर उभा केला. मिश्रण जिंकलं. एकाच कंपनीचं, एकाच राळेचं ग्लॉस आणि सॅटिन मिसळायचं मात्र, वेगवेगळ्या कंपन्यांचं नाही. सॅटिनमधलं मेण थंडीत तळाला बसतं, म्हणून बंद बाटली गरम पाण्यात धरली आणि हळू फिरवून एकजीव केली. ज्वाला किंवा गॅस जवळ नाही. आणि बाटली हलवून फेस करायचा नाही, बुडबुडे चित्रावर येतात.

खोलीची तयारी. पावसाळी दमट दिवस टाळला, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेत ओल जास्त असली की ती तिथे धरते, मग व्हार्निशमध्ये निळसर-पांढरी धुक्यासारखी झाक येते, तिला ब्लूम म्हणतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान २० ते २५ अंश, आणि चित्र, बाटली, ब्रश सगळं आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत. पंखा बंद, तो धूळ उडवतो, पण एक्झॉस्ट चालू आणि दार उघडं, जेणेकरून हवा चित्रावरून सोसाट्याने न जाता खोलीतून बाहेर पडेल. ओडरलेस म्हणजे वास नाही, वाफ आहेच, आणि वास नसल्यामुळे माणूस जास्त वेळ बसतो हा त्याचा खरा धोका. सर्जिकल किंवा धुळीचा मास्क सॉल्व्हंटच्या वाफेला काहीही अडवत नाही, ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. नायट्राइल ग्लोव्ह्ज. सिगरेट, उदबत्ती, हीटर काही नाही. स्प्रे कॅन हा पर्याय होता पण मी घरात स्प्रेच्या विरोधात आहे, ती बारीक फवार श्वासात खूप आत जाते आणि थर किती बसला हेही कळत नाही.

कॅनव्हासच्या मागे, स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीच्या) पट्ट्यांच्या मध्ये बसेल असा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, नाहीतर ब्रश दाबला की कॅनव्हास खाली जाऊन पट्टीच्या कडेची रेघ वर उमटते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली, पांढऱ्या फटकाऱ्यांच्या खाचांमधून जास्त, तिथे सहा महिन्यांची धूळ साठली होती आणि तिच्यावरून व्हार्निश केलं असतं तर ती कायमची आत गेली असती.

आता लावणं. दोन इंची मऊ सपाट ब्रश, व्हार्निश बशीत थोडंसं, ब्रशचं फक्त टोक बुडवून बशीच्या कडेला निपटलेलं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तळहाताएवढा भाग घ्यायचा, आडवा ब्रश, मग उभा, पातळ पसरवत जायचं आणि पुढच्या भागात ओली कड ओलीला मिळवायची. नव्या माणसाला वाटतं ब्रश भरून वाहतं लावावं, ते चुकीचं, थर इतका पातळ हवा की वाहायला काही उरणारच नाही. लॅम्प कडेने लावलेला होता त्यामुळे कुठे सुटलं ते लगेच दिसत होतं. भिंत आणि चेहरा शांतपणे झाला.

शालीवर मात्र व्हार्निशचे थेंब थेंब झाले, मेणावर पाणी ठरत नाही तसे आखडून मोत्यासारखे. गुळगुळीत तेलकट ग्लेझवर हे होतंच. यावर कांदा-बटाटा चोळायचे जुने उपाय सांगतात, ते नको, त्याचा रस चित्रावरच राहतो. मैत्रीण घाबरून ब्रश जोरात घासायला निघाली, तिला थांबवलं, कारण खाली डॅमरचा ग्लेझ आहे आणि रगडणं म्हणजे बोळ्याचीच टेस्ट मोठ्या प्रमाणावर करणं. नवीन व्हार्निश न घेता, जवळजवळ कोरड्या ब्रशने, त्याच भागावर हळूहळू आडवं-उभं फिरवत राहिलो. सॉल्व्हंट थोडं उडालं, व्हार्निश किंचित दाट झालं आणि धरायला लागलं. थेंब मोडले. ब्रशचं टोक पांढऱ्या कापडावर टेकवून बघितलं, लाल नव्हतं. मग ब्रश ओढायला लागला, चिकट झाला, त्या क्षणी हात उचलायचा. मागे वळून एक केसही काढायला जायचं नाही, वाळत आलेल्या व्हार्निशवर ब्रश फिरवला की ओरखडे कायमचे दिसतात.

चित्र आडवंच ठेवलं, चारही बाजूंना डबे लावून वर हवा खेळेल इतकी जागा ठेवून पुठ्ठ्याचं छप्पर केलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर भिंतीत, कपाटाच्या डाव्या बाजूला, तळव्याएवढा भाग किंचित मंद होता. तिथलं ऑइलिंग आउट पुरेसं मुरलं नसावं. फक्त तेवढाच भाग परत केला असता तर त्याची कड दिसली असती, म्हणून पूर्ण चित्राला दुसरा, पहिल्याहून पातळ थर दिला, ह्यावेळी एकाच दिशेने, एका भागावरून एकदाच, कारण ही राळ नव्या थरातल्या सॉल्व्हंटने पुन्हा मऊ होते आणि ब्रश रेंगाळला तर पहिला थर उचलला जातो. त्यानंतर चमक सगळीकडे सारखी आली. शालीचा आरसा उतरला, भिंत खोल गेली, आणि खिडकीचा पांढरा पहिल्यापेक्षा जास्त उजळ वाटायला लागला, त्याला हातही न लावता.

ब्लूम आला नाही. आला असता तर घाईने वरून आणखी थर दिला नसता, कोरड्या खोलीत वाट बघितली असती आणि नाहीच गेला तर ओडरलेस स्पिरिटने तो थर उतरवून परत केला असता. काढता येणारं व्हार्निश घेतल्यावर एवढी मोकळीक मिळते.

मागच्या स्ट्रेचरवर पेन्सिलने मैत्रिणीने लिहिलं: चित्र पूर्ण झाल्याचा महिना, भिंतीवर ऑइलिंग आउट कधी केलं, व्हार्निशचं नाव, ग्लॉस आणि सॅटिनचं प्रमाण, दोन थर, तारीख. त्याखाली ठळक अक्षरात, शालीच्या रंगात डॅमर आहे, टर्पेंटाइन, अल्कोहोल, ॲसिटोन लावू नये, व्हार्निश फक्त ओडरलेस मिनरल स्पिरिटने काढावं. चित्र नेणाऱ्यांना एक मऊ कोरडा ब्रश दिला आणि सांगितलं की धूळ याने झटका, ओलं कापड किंवा काच पुसायचा स्प्रे कधीच नाही.